मऊ पडेपर्यंत

तक्रारअर्ज थोरल्याने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला, आणि तिसऱ्यांदाही त्याच वाक्यावर त्याचा आवाज चढला: "सदर थेरपिस्टबाईंनी आपल्या अननुभवी हातांनी दुखऱ्या दंडावर वारंवार जोर दिल्यामुळे माझ्या बहिणीचे कोपर आखडले आहे." आपलेच वाक्य आपल्याला फार आवडू लागले की ते एकदा उलटून पाहावे, एवढे शहाणपण अर्ज लिहिणाऱ्यांत क्वचितच असते. या घरात तर वाक्ये तपासण्याची पद्धतच नव्हती. तपासायचे ते कातडे.

रविवार असल्याने खालचा कारखाना बंद होता. कापणीच्या ज्या लांब टेबलावर एरवी खोगिरांचे आणि पट्ट्यांचे तुकडे पसरलेले असत, तिथे आज अर्ज होता, अर्जाची प्रत होती आणि सकाळी आलेल्या एक्स-रेचे पाकीट होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. थेरपिस्टबाई चारला येणार होत्या.

"आली की हे तिच्या हातात द्यायचं," थोरला म्हणाला, "आणि प्रत उद्या सकाळी हॉस्पिटलच्या अधीक्षकांच्या टेबलावर. आप्पा, सही करा म्हणजे झालं."

टेबलाच्या टोकाला आप्पा बसले होते. वय शहात्तर, बाराव्या वर्षापासून हातात कातडे कापायची रापी. आत्ता हातात एक अर्धवट पट्टा होता आणि बोलण्याकडे लक्ष असो वा नसो, दोन्ही अंगठे त्या पट्ट्यावरून पुढे सरकत होते. ताठ माल दुकानाबाहेर जाणार नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. पट्टा, लगाम, पिशवीचे हँडल, काहीही असो. तेल लावायचे, कोमट करायचे आणि मऊ पडेपर्यंत दाबत राहायचे.

"चष्मा वर राहिला," ते म्हणाले.

"मी आणते," वहिनी म्हणाली, पण उठली नाही. "अहो, पोर नवीन आहे. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय तिला. त्यातला एक उरलाय. हे गेलं तर घरी बसवतील तिला."

"आणि मधलीचा हात गेला त्याचं काय? चौथ्या आठवड्यात कोपर एकशे दहा अंश वाकत होतं. गेल्या रविवारी बासष्ट! तिचंच मोजमाप आहे, माझं नाही. माणसं बरी होतात तेव्हा आकडे वर जातात की खाली?"

प्रश्न बिनतोड होता. चुकीच्या माणसाला विचारलेले प्रश्न पुष्कळदा बिनतोडच असतात.

मधली टेबलाच्या मध्यावर, खिडकीकडे पाठ करून बसली होती. सत्तेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि या दुकानातली एकमेव व्यक्ती, जिने कापलेला तुकडा आप्पा दुसऱ्यांदा मोजत नसत. अकरा आठवड्यांपूर्वी कटिंग प्रेसचा जड पाटा तिच्या उजव्या दंडावर, कोपराच्या चार बोटे वर आला होता. प्रेसची संरक्षक जाळी त्याआधी महिनाभर खिळ्याला टांगलेली होती. जाळीने काम रखडते असे थोरल्याचे मत होते. जाळी अजूनही त्याच खिळ्याला होती आणि तिच्यावर रंगवलेले पट्टे वाळत होते. हॉस्पिटलात पहिल्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे," आणि घराने सुटकेचा नि:श्वास टाकला. मांसाचे काय, ते भरून येते, अशी सर्वांची समजूत. आत काय चिरडले आहे, हे विचारायचे कुणाला सुचले नाही.

*

वहिनीला जे माहीत होते, ते फक्त आपल्यालाच माहीत आहे अशी तिची खात्री होती.

पाचव्या आठवड्यात एकदा पहाटे ती पाण्याची मोटर लावायला खाली आली, तेव्हा मागच्या खोलीत दिवा होता. मधली पाटावर बसलेली. तिचा दंड आप्पांच्या मांडीवर. शेजारी कोमट वाळूची पुरचुंडी आणि कातड्याच्या तेलाचा डबा. आप्पांचे अंगठे चालू होते. मधलीने ओठ दातांखाली धरले होते, आणि आप्पा हळू आवाजात काहीतरी सांगत होते. अपघातानंतर महिनाभर या माणसाने धड दोन घास खाल्ले नव्हते, की रापीला धार लावली नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांनी न्याहारीला दुसऱ्यांदा मागून घेतले. वहिनी आल्या पावली परत गेली. पुढच्याच आठवड्यात थेरपिस्टबाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारले, "घरी कुणी मालीश वगैरे करत नाही ना?" तेव्हा तिनेच हसून उत्तर दिले होते: "छे हो! हातसुद्धा लावत नाही कुणी."

थोरल्याला माहीत होते ते वेगळ्या वाटेने. तेलाचा डबा महिनाभर पुरायचा, तो पंधरा दिवसांत खाली झाला. त्याने एक पहाट जागून काढली आणि खात्री करून घेतली. बायकोला बोलला नाही. कोपराचे अंश उतरत गेले तसे त्याच्या मनात दोन आणि दोन जुळू लागले, आणि ज्या क्षणी चार झाले त्याच क्षणी त्याने अर्जाचा कागद पुढे ओढला. ज्याच्या हातांवर शंका घेतली की साऱ्या दुकानाचाच पाया हलेल, असा घरात एकच माणूस होता. शिवाय त्या माणसाने थोरल्याला जाळीबद्दल आजवर एका शब्दाने विचारले नव्हते. अशा मौनाची परतफेड करायची असते, असे त्याला वाटे.

अशा रीतीने एकाच छताखाली तीन माणसे एकच गुपित एकमेकांपासून जिवापाड सांभाळत होती, आणि त्याची किंमत एका चौथ्या, परक्या मुलीने भरावी याची तजवीज करत होती. याला घरची माया म्हणतात.

*

धाकटी साडेतीनला आली. तीन तासांचा बसचा प्रवास तिच्या चेहऱ्यावर नव्हता. तिच्या चेहऱ्यावर सहसा काहीच नसे. मेडिकल कॉलेजात ती शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. अठराव्या वर्षी घर सोडताना आप्पांशी झालेल्या भांडणात जे बोलले गेले, ते त्यानंतर दोघांनीही कधी काढले नव्हते, आणि विसरलेही नव्हते.

"या मास्तरीणबाई," थोरला म्हणाला. "सही करायला चार हात हवेतच."

"आधी फिल्म बघू दे."

तिने पाकिटातून एक्स-रे काढून खिडकीच्या काचेवर धरला. उजेड आरपार आला. दंडाचे हाड पांढरे, सरळ, निर्दोष. त्याच्या पुढ्यात, जिथे फक्त मांस असायला हवे तिथे, अंड्याच्या टरफलासारखी एक पातळ पांढरी कड, आणि आत धुरकट सावली.

तिने फिल्म खाली ठेवली आणि मधलीकडे वळून म्हणाली, "बाही वर कर, ताई."

"कशाला?"

"कर ना."

"अकरा आठवड्यांत आज सवड झाली तुला," मधली म्हणाली. "फोनवर तर रोज विचारायचीस, हाताला मुंग्या येतात का, बोटं हलतात का. मी कशी आहे ते नाही कधी विचारलंस."

"खरंय," धाकटी म्हणाली. "बाही वर कर."

वहिनीने पुढे होऊन बाही सरकवली. दंडाच्या खालच्या भागात, कोपराच्या खळग्याच्या वर, पिवळट निळे डाग होते. जुन्यावर नवे. एकमेकांशेजारी दोन लांबट गोल. डावा थोडा पुढे आणि अधिक गडद. धाकटीने वाकून वास घेतला. तो वास तिने पंचवीस वर्षांत कुठल्याही हॉस्पिटलात घेतलेला नव्हता. मग तिने स्वतःचे दोन्ही अंगठे हलकेच, न टेकवता, त्या डागांवर धरले. ते नेमके बसले.

"थेरपिस्टबाई कातडं कमवायला कुठे शिकल्या?" तिने विचारले.

वहिनीने बाही खाली ओढू पाहिली.

"अंगठे शेजारी शेजारी, डावा पुढे. या टेबलावर मलाही असंच शिकवलंय, चुकलं की बोटांवर पट्टी बसायची. बाहेर कुणी असं दाबत नाही. कोण करतंय हे?"

थोरल्याने घड्याळाकडे पाहिले. वहिनीने पदराकडे. मधलीने जमिनीकडे. तीन माणसे एकाच वेळी, एकमेकांना न विचारता, तीन दिशांना पाहू लागली, आणि त्या एका क्षणात तिघांनाही उमगले की आपल्या गुपिताला आणखी दोन मालक आहेत.

"मी," आप्पा म्हणाले. "का?"

त्यांच्या आवाजात कबुली नव्हती. दुकानात कुणी विचारावे की हे टाके कुणाचे, आणि कारागिराने सांगावे, तसे ते बोलले.

"रोज पहाटे. अर्धा तास. त्या पोरीच्या व्यायामानं कुठं काय होतंय? नुसतं आपलं आपण हलवायचं म्हणे. मी म्हटलं, ताठ पडलंय, तर मोकळं करायला नको? माझ्या हातानं तरी थोडं सुटतंय का बघत होतो."

"आप्पा, तुम्ही गप्प बसा जरा," थोरला म्हणाला.

"का गप्प बसू? चोरी केलीय?"

"धाकटे," मधली झटकन म्हणाली, "नको."

एवढा एकच शब्द, विनवणीसारखा. धाकटीने तिच्याकडे पाहिले. मधलीच्या डोळ्यांत भीती होती, पण हाताविषयीची नव्हती.

कारण त्या पहाटेच्या अर्ध्या तासात, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, हा माणूस तिच्याशी बोलला होता. माल, माप, धार यांपलीकडचे बोलला होता. आई गेली त्या दिवशी त्याने कापलेले खोगीर वाकडे निघाले आणि ते अजून माळ्यावर आहे. पोरींपैकी एकीच्या हातात आपल्यापेक्षा चांगली नजर आहे हे त्याला तिच्या दहाव्या वर्षीच कळले होते, फक्त सांगायचे राहून गेले. हे सारे ऐकताना दंडातून कळ उठायची. त्या कळेच्या मोबदल्यात हे मिळते आहे, तर मिळू दे, असे तिने ठरवून टाकले होते. आकडे उतरताना ती पाहत होती. तिला वाचता येत होते.

"नको काय, ताई?" धाकटीचा आवाज सपाट होता; ती अतिशय रागावली की तो तसा व्हायचा. "उद्या पहाटे पुन्हा बसाल तुम्ही. परवा पुन्हा. आणखी महिनाभर असंच चाललं तर हे कोपर लाकडासारखं होईल. मग रापी धरायची कशानं? आणि त्यासाठी एका मुलीची नोकरी घालवायची, जिनं या दंडाला बोट लावलं नाही?"

"आप्पांना सांगायची पद्धत असते," वहिनी पुटपुटली.

"ती तुम्हा तिघांना माहीत होती. पाच-सहा आठवडे मिळाले होते."

वहिनीचा चेहरा उतरला. मग ती हळूच खुर्ची सरकवून, नवऱ्याच्या बाजूची जागा सोडून, मधलीच्या शेजारी जाऊन बसली.

"कुणीतरी मराठीत सांगा मला," आप्पा म्हणाले. "काय झालंय?"

*

धाकटीने फिल्म पुन्हा काचेवर धरली. "इकडे या, आप्पा."

ते उठले. चष्म्याशिवायही त्यांना ती पांढरी कड दिसली. कातड्यातला केसाएवढा ओरखडा पाहणारी नजर होती ती.

"हे काय?"

"हाड. मांसाच्या आत उगवलेलं."

"मांसात हाड?"

"दंड चिरडला तेव्हा आतले धागे मेले. स्नायू म्हणजे धाग्यांच्या जुड्याच असतात. पहिले काही दिवस शरीर नुसतं मेलेलं उचलत असतं, झाडलोट चालते. मग प्रत्येक धाग्याच्या कडेला काही पेशी झोपलेल्या असतात, वर्षानुवर्षं त्यांना काही काम नसतं. मार लागला की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींना जुळतात आणि नवा धागा तयार करतात."

"आपलं आपण?"

"आपलं आपण. कुणी हात न लावता."

आप्पांच्या कपाळावर आठी उमटली. हाताविना नीट होणारी वस्तू त्यांनी चौसष्ट वर्षांत पाहिली नव्हती, आणि अशी वस्तू असू शकते हे ऐकणे त्यांना अपमानासारखे लागले.

"मग ताठ का पडलं?"

"कारण शेजारी व्रणही भरत असतो. दोघांची शर्यत लागते. म्हणून तर तिनं स्वतःच्या ताकदीनं, झेपेल तेवढाच हात हलवायचा, त्यानं नवे धागे नीट ओळीत लागतात. पण बाहेरून कुणी जोरानं दाबलं, ताणलं, तर आतलं नवं पुन्हा फाटतं, पुन्हा रक्त साकळतं. रोज फाटलं की तिथल्या काही पेशी भलत्याच वाटेला लागतात आणि हाड करायला घेतात."

"मी तेल लावत होतो," आप्पा म्हणाले. "कोमट करून. जपून."

"कातडं मेलेलं असतं, आप्पा. म्हणून ते तुमचं ऐकतं."

हे वाक्य बोलताना तिला अपेक्षित समाधान मिळाले नाही. पंचवीस वर्षे एखाद्या माणसाला एकदा तरी चूक ठरवण्याची वाट पाहावी, आणि तो दिवस असा यावा. आप्पा टेबलाशी परत आले, मधलीसमोर उभे राहिले आणि तिच्या दंडावरचे डाग पाहत राहिले.

"दुखत होतं?" त्यांनी विचारले.

मधलीने बाही खाली ओढली.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात," ती म्हणाली.

दारावरची घंटा वाजली. चारला पाच मिनिटे होती.

*

थेरपिस्टबाई आत आल्या: तेवीस-चोवीस वर्षांची बारीक मुलगी, खांद्याला जड पिशवी. टेबलाभोवतीची शांतता तिला जाणवली असावी, कारण तिने नेहमीचे "कसं काय आज?" अर्ध्यावर सोडले आणि थेट दोन पट्ट्यांचे कोनमापक काढले. मधलीने आपण होऊन हात जेवढा वाकला तेवढा वाकवला. पट्ट्या जुळवल्या गेल्या.

"पंचावन्न," ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिला काचेशी टेकवलेली फिल्म दिसली. ती जवळ गेली, वळली. कोनमापक मिटून ती म्हणाली, "सहाव्या आठवड्यात मी विचारलं होतं. घरी मालीश होतंय का. आप्पा सोडून तुम्ही सगळे इथेच होतात. नाही म्हणालात. मी फाइलमध्ये लिहून ठेवलंय, तारखेसकट."

"बरं केलंस," आप्पा म्हणाले. मग थोरल्याकडे वळून: "वाच."

"आप्पा, आता कशाला..."

"लिहिलंयस ना? त्यांच्यासमोर वाच."

थोरल्याने कागद उचलला. या खेपेस आवाज कुठेच चढला नाही. "सदर थेरपिस्टबाईंनी आपल्या अननुभवी हातांनी..." तो थांबला.

"तिथंच खोड. लिही: चौसष्ट वर्षांच्या अनुभवी हातांनी. त्यांचं काढ आणि माझं घाल. त्या काय पोरीबिरी नाहीत, त्या थेरपिस्ट आहेत, असंही लिही वर."

थोरल्याचे पेन हलले नाही. आप्पांनी ते त्याच्या बोटांतून काढून घेतले, चष्म्याशिवाय, कागद डोळ्यांशी आणून, शब्दागणिक दाबून लिहिले, आणि सही केली. सही करताना अंगठ्याच्या नखातले जुने तेल कागदाला लागले.

"हा तुमच्या फाइलला लावा," त्यांनी मुलीच्या हातात कागद दिला. "कुणी विचारलं तर दाखवा. न विचारताही दाखवा." आणि मान न वळवता थोरल्याला म्हणाले, "ते पट्टे काढ खिळ्यावरनं. जाळी उतरव."

थोरला उठला. अकरा आठवड्यांत त्याच्याशी जाळीबद्दल बोललेले हे पहिले शब्द होते.

"हे काढून टाकता येईल का?" आप्पांनी थेरपिस्टबाईंना विचारले.

"आत्ता नाही. कच्चं असताना कापलं तर पुन्हा येतं. पुरं होऊ द्यायचं. सहा महिने, कदाचित वर्ष. कधी कधी त्यातलं थोडं आपोआप विरतंही. मग सर्जन ठरवतील." तिने एकवार धाकटीकडे पाहिले, धाकटीने मान हलवली. "तोवर त्या स्वतः हलवतील. दुसऱ्या कुणी अजिबात हात लावायचा नाही."

"अजिबात," आप्पा म्हणाले. त्यांनी तो शब्द चाचपून पाहिल्यासारखा उच्चारला. मग खुर्चीत बसले, पट्टा उचलला, आणि परत खाली ठेवला.

"पहाटे याल ना?" मधलीने विचारले.

"येऊन काय करू?"

"मोजा. मी हलवीन, तुम्ही मोजा. आणि ते माळ्यावरच्या खोगिराचं अर्धं राहिलंय."

धाकटी खिडकीशी पाठमोरी झाली आणि फिल्म पाकिटात घालू लागली. पाकीट पुरेसे मोठे असूनही तिला ते जमेना. वहिनीने उठून तिच्या हातातून ते घेतले.

"आत्ताच करून दाखवा एकदा," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "दुखेल तिथे थांबायचं."

मधलीने मूठ मिटली. हात टेबलावरून उचलला गेला, वाकू लागला, आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. दंड थरथरत होता. आप्पांचे दोन्ही हात आपसूक वर आले, अंगठे शेजारी शेजारी, डावा पुढे, आणि अर्ध्या वाटेत त्यांना ते दिसले. त्यांनी ते मागे घेतले, मांड्यांखाली दाबून धरले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि घसा साफ केला.

"एक," ते म्हणाले.